हलकी होडी : आराखडा, गणित व बांधणी

(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी हस्तव्यवसाय, गणित व सामान्य विज्ञान यांचा जोडपाठ)

पाठाचा हेतू

नदीकाठच्या, खाडीकाठच्या किंवा धरणाच्या फुगवट्याशेजारच्या गावात होडी ही मुलांच्या नित्य पाहण्यातील वस्तू असते. कोकणात खाडी उतरण्यास होडी लागते; देशावर नदी उतरण्यासाठी भोपळ्यांची सांगड वापरीत असत; आणि कृष्णाकाठी गूळ करण्याची लोखंडी काहीलही पुराच्या वेळी माणसांना घेऊन पाण्यावर तरलेली आहे. लोखंडाचा खिळा पाण्यात बुडतो आणि लोखंडाचीच काहील माणसासह तरते, हे मूल पाहते. पण त्यामागील हिशेब त्याला कोणी करून दाखविलेला नसतो. तो हिशेब करावयाचा, त्यावरून एका माणसापुरत्या हलक्या होडीचा आराखडा काढावयाचा, त्याचा पुठ्ठ्याचा नमुना तयार करून कसास लावावयाचा, आणि शाळेस व गावास शक्य असेल तेथे सुताराच्या साहाय्याने प्रत्यक्ष होडी बांधावयाची, असा या पाठाचा क्रम आहे.

प्रत्यक्ष बांधणीस खर्च व सवड लागते. ज्या शाळेस ते शक्य नाही, तिने नमुन्यापर्यंतचा भाग पुरा करावा. शिक्षणाच्या दृष्टीने पाठाचा गाभा तेवढ्यात येऊन जातो.

एक गोष्ट आरंभीच वर्गाच्या मनावर ठसविली पाहिजे. पाटीवरील बहुतेक गणितांचे उत्तर चुकले तर ते पुसून पुन्हा करता येते. होडीच्या गणिताचे उत्तर पाण्यावर तपासले जाते, आणि त्या उत्तरावर माणूस आपला जीव सोपवून बसतो. म्हणून या पाठात अंदाजास स्थान असले, तरी मोजून पाहिल्यावाचून कोणताही अंदाज पुढे नेऊ नये.

हलकेपणा म्हणजे काय

होडी हलकी करावयाची म्हणजे लाकूड पातळ करावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. फळीची जाडी निम्मी केली तर तिचे वजन निम्मे होते. परंतु वाकण्यास विरोध करण्याची तिची शक्ती निम्मी न राहता एक-अष्टमांश उरते. नुसत्या पातळपणाने होडी हलकी होईल, पण टिकणार नाही. उणीव आकाराने भरून काढावी लागते.

हे पटविण्यासाठी पुढील प्रयोग करावा. सारख्या उंचीची दोन पुस्तके वीतभर अंतरावर ठेवून त्यांवर एक पोस्टकार्ड आडवे टाकावे. त्यावर खडूचा एक तुकडा ठेवला तरी ते मध्ये झुकते. मग त्याच कार्डाच्या दोन्ही लांब कडा बोटभर रुंदीने वर दुमडाव्यात. आता तेच कार्ड खडूंची जुडी पेलते. कागद वाढला नाही, वजन वाढले नाही; केवळ घडी पडली. होडीचा तळ व बाजू जेथे मिळतात ती कोपऱ्याची रेषा म्हणजे अशीच एक घडी होय, आणि वरच्या काठाला जोडलेली पट्टी ही तिची जोडीदार. पातळ फळीस बळ देण्याचे काम या दोन रेषा करतात.

वजन कमी करण्याचा उद्योग किती चिकाटीचा असतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण वर्गास सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात ॲडिरॉन्डॅक नावाचा सरोवरांचा व अरण्यांचा प्रदेश आहे. तेथे प्रवास करणाऱ्यास एका सरोवरातून दुसऱ्याकडे जाताना होडी खांद्यावर घेऊन चालावे लागे. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हा लेखक अंगाने लहानखुरा होता. त्याचे वजन सुमारे पन्नास किलो असून प्रकृतीही नाजूक होती. मोठी होडी वाहून नेणे त्याच्या शक्तीबाहेरचे होते. त्याने कँटन या गावचा होडीकार जे. हेन्री रश्टन याच्याकडून स्वतःच्या वजनास बेताची अशी कॅनो, म्हणजे वल्ह्याने चालविण्याची चिंचोळी होडी, बांधून घेतली. १८८० सालची पहिली होडी आठ किलोंच्या किंचित वर भरली. १८८१ साली दुसरी झाली, ती सव्वासात किलोंची. १८८३ साली बांधलेली तिसरी होडी ९ फूट लांब, २६ इंच रुंद आणि अवघी साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलोंच्या आसपास होती. त्या उन्हाळ्यात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, सीअर्सने तिच्यातून सुमारे २६६ मैलांचा प्रवास केला. चार्ल्स डिकन्स याच्या एका कादंबरीतील सॅरी गॅम्प ही दारूबाज सुईण पाण्याच्या वाटेस जात नसे. आपल्या होडीनेही पाणी आत घेऊ नये, या इच्छेने सीअर्सने होडीस तिचे नाव दिले. ती होडी आजही जतन करून ठेवलेली आहे.

या उदाहरणातील बोध वर्गाकडून काढून घ्यावा. रश्टनने पावणेपाच किलोंची होडी एकदम बांधली नाही. एक होडी बांधली, ती प्रवासात वापरली गेली, तिच्यात कोठे बळ शिल्लक आहे ते पाहिले, आणि मगच पुढची अधिक हलकी केली. शिवाय ती एका विशिष्ट वजनाच्या माणसासाठी होती. दुप्पट वजनाचा मनुष्य तिच्यात बसता तर ती त्याच्या कामाची नव्हती. होडी कोणासाठी आहे, हे आधी ठरले पाहिजे. माप त्यानंतर येते.

आराखडा

येथे दिलेली होडी एका हलक्या माणसासाठी व संथ, उथळ पाण्यासाठी आहे. बाजारात मिळणारे प्लायवुड २४४ सेंमी लांब व १२२ सेंमी रुंद असते. असा चार मिलिमीटर जाडीचा एकच तक्ता या होडीस पुरतो. तक्ता पाण्यात टिकणारा हवा. जहाजकामाच्या प्लायवुडावर भारतीय मानक ७१० असा शिक्का असतो. तो पाहून घ्यावा. घरातील कपाटांसाठी वापरले जाणारे साधे प्लायवुड स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. भिजल्यावर त्याचे पदर सुटतात.

तक्त्यातून लांबीच्या दिशेने २५ सेंमी रुंदीच्या दोन पट्ट्या कापावयाच्या. त्या होडीच्या बाजू होत. प्रत्येक पट्टीची वरची कड २४४ सेंमी ठेवून खालची कड दोन्ही टोकांस सहा-सहा सेंमी आत घ्यावी. म्हणजे खालची कड २३२ सेंमी होते व टोके तिरपी होतात. उरलेल्या ७२ सेंमी रुंदीच्या भागातून तळ निघतो.

होडीच्या मध्यभागी तळाची रुंदी ६० सेंमी व वरच्या काठाची ७४ सेंमी ठेवावयाची आहे. म्हणजे प्रत्येक बाजू सात सेंमी बाहेर कललेली राहील. बाजूची पट्टी २५ सेंमी, कल ७ सेंमी, तर होडीची उभी खोली किती? पायथागोरसच्या सिद्धांताने मुलांनी उत्तर काढावे. २५ चा वर्ग ६२५, ७ चा वर्ग ४९, वजाबाकी ५७६, त्याचे वर्गमूळ २४. होडीची खोली २४ सेंमी येते. मग हाच काटकोन त्रिकोण जमिनीवर सुतळीने आखून उत्तर पडताळून पाहावे. पुस्तकातील त्रिकोण येथे होडीची बाजू होऊन उभा राहतो, ही गोष्ट मुले विसरत नाहीत.

पुठ्ठ्याचा नमुना

नमुना एकास दहा प्रमाणात करावा; म्हणजे दहा सेंमीस एक सेंमी. त्यासाठी पातळ पुठ्ठा, कात्री, डिंक, मेण, आलेखाचा कागद व लहान वजनांचा तराजू एवढे साहित्य पुरते.

पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या २४.४ सेंमी लांब व २.५ सेंमी रुंद कापून टोकांना वरीलप्रमाणे तिरपा छेद द्यावा. मधला साचा म्हणून तळाशी ६ सेंमी, वर ७.४ सेंमी व उंचीस २.४ सेंमी असा समलंब चौकोन जाड पुठ्ठ्यातून काढावा. दोन्ही पट्ट्यांची टोके एकमेकांस चिकटवून मध्ये साचा बसविला की होडीचा आकार आपोआप उमटतो. हा सांगाडा आलेखाच्या कागदावर ठेवून खालच्या कडेने पेन्सिल फिरवावी. कडा टोकांकडे कागदापासून किंचित उचललेल्या दिसतील. तेथे पेन्सिल उभी धरावी. जी आकृती मिळते तो तळ होय. तळाचा आकार आधी न काढता बाजूंवरून घेण्याचा लाभ असा की, सांधा जुळत नाही ही अडचण मुळातच येत नाही.

आता आलेखावरील चौकोन मोजावेत. पूर्ण चौकोन एक, अर्ध्याहून अधिक असलेला एक, अर्ध्याहून कमी असलेला शून्य, ही रीत मुलांस परिचित आहे. तळाचे क्षेत्रफळ सुमारे ८५ चौरस सेंमी येते. लांबी दहापट झाली म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट होते. म्हणून खऱ्या होडीचा तळ ८,५०० चौरस सेंमी भरेल. वर्गाचे उत्तर थोडे निराळे आले तर वर्गाचे उत्तर धरावे, येथले नव्हे.

यानंतर मुख्य प्रश्न. होडी पाण्यात एक सेंमी खाली गेली तर किती पाणी बाजूला सारते? ८,५०० घन सेंमी, म्हणजे साडेआठ लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तरती वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. तेव्हा प्रत्येक साडेआठ किलो वजनास होडी एक सेंमी खाली जाईल. काहील का तरते, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तरही हेच आहे. तिच्या लोखंडापेक्षा तिच्या पोकळीने बाजूला सारलेले पाणी अधिक वजनाचे असते.

होडी २४ सेंमी खोल आहे, म्हणून २४ सेंमी बुडेपर्यंत भार घालावा काय? मुले प्रथम होय म्हणतील. त्यांना हलणाऱ्या पाण्याची व हलणाऱ्या माणसाची आठवण द्यावी. या होडीसाठी नियम असा ठेवावा की, खोलीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग पाण्यात जाऊ नये. २४ चा तृतीयांश ८. आठ सेंमीस ८ गुणिले ८.५, म्हणजे ६८ किलो. होडी, माणूस, वल्हे व सामान मिळून ६८ किलो ही मर्यादा झाली. काठ तेव्हा पाण्याच्या वर १६ सेंमी राहतो.

येथे दोन बारीक गोष्टी हुशार मुलांच्या लक्षात येतील. बाजू बाहेर कललेल्या असल्यामुळे होडी खाली जाते तसतशी तिची रुंदी वाढते व पाण्याचा आधारही वाढतो. उलट तळ टोकांकडे किंचित उचललेला असल्यामुळे तेथला आधार उशिरा मिळतो. एक कारण होडीस वर उचलते, दुसरे खाली नेते. ती एकमेकांस बऱ्याच अंशी फेडतात. ही फेड किती, ते नमुना पाण्यात सोडूनच कळेल.

नमुन्याचे सांधे मेणाने बंद करून सर्व पुठ्ठ्यावर वितळलेल्या मेणाचा हात द्यावा. मेण वितळविण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. बाहेरून तळापासून ८ मिलिमीटर उंचीवर रेघ ओढावी. लांबी दहापट तर घनफळ हजारपट. म्हणून खऱ्या होडीच्या ६८ किलोंस नमुन्यात ६८ ग्रॅम. नमुना तोलावा, ६८ ग्रॅमला जितके कमी पडेल तितकी वाळू मोजून घ्यावी, ती नमुन्यात सारखी पसरावी आणि परातीतील पाण्यात त्यास अलगद सोडावे. पाणी रेघेशी आले तर हिशेब बरोबर. रेघ बुडाली तर वाळू काढीत जावे आणि रेघ दिसू लागेल तेव्हाचे वजन खरे धरावे. ज्या वर्गाने हे एकदा केले, त्यास ‘क्षेत्रफळ शंभरपट व घनफळ हजारपट’ हा नियम पाठ करण्याची गरज राहत नाही.

याच नमुन्यावर आणखी एक प्रयोग करावा. काही वाळू काढून तिच्या वजनाचा दगड तळाशी ठेवावा व होडी बोटाने हलवावी, ती सावरते. मग तोच दगड आगपेटी उभी ठेवून तिच्यावर ठेवावा व पुन्हा हलवावे. नमुना कलंडतो. भार तितकाच, पण उंचावर गेला. या होडीत तळाशीच बसावयाचे, उंच बैठक करावयाची नाही आणि उभे तर कधीच राहावयाचे नाही, हा नियम असा प्रयोगातून यावा.

वजनवही

प्रत्यक्ष होडीस आरंभ करण्यापूर्वी वर्गाने एक वजनवही घालावी. तिच्यात डाव्या रकान्यात आधी काढलेले वजन व उजव्या रकान्यात प्रत्यक्ष तोललेले वजन लिहावे. चार मिलिमीटर प्लायवुडाचे वजन चौरस मीटरला सुमारे तीन किलो धरता येते. तरी शिल्लक तुकडा तोलून व मापून खरा आकडा काढावा. बाजूंचे क्षेत्रफळ १.१९ चौरस मीटर व तळाचे ०.८५, मिळून २.०४ चौरस मीटर. डावा रकाना साधारण पुढीलप्रमाणे भरेल.

तळ व बाजू – ६.१ किलो
काठाच्या दोन पट्ट्या – १.२ किलो
दोन आडदांडे व टोकांचे कोपरे – ०.८ किलो
राळ, भुसा व काचधाग्याची फीत – १.८ किलो
रंग – ०.६ किलो
तरण्याच्या बाटल्या व जाळी – ०.६ किलो
बसण्याची चटई – ०.४ किलो
एकूण – ११.५ किलो

सोयीसाठी हे १२ किलो धरावे. ६८ मधून १२ व वल्ह्याचा एक किलो वजा जाता ५५ किलो उरतात. ही होडी ५५ किलोंपर्यंतच्या एका माणसासाठी आहे. सातवीतील दोन मुले ती उचलून पाण्यापर्यंत नेऊ शकतात.

उजवा रकाना भरताना वर्गास एक गोष्ट दिसेल. लाकडाचे वजन अंदाजाशी जुळते. वाढते ते राळेचे आणि रंगाचे. सांध्यावर ‘असू द्या आणखी थोडी’ म्हणून थापलेली राळ बळ वाढवीत नाही, भार मात्र वाढविते. आणि रकान्यात आलेला प्रत्येक अधिक किलो माणसाच्या ५५ किलोंतून वजा होतो. वाढ झाली तर ती लपवू नये. ५५ चा आकडा खाली आणावा.

बांधणी

फळ्या एकमेकींस तारेने शिवून मग सांधा राळेने भरावयाचा, या पद्धतीस ‘शिवण-सांधा’ म्हणता येईल. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील केन लिटलडाइक या हस्तव्यवसाय-शिक्षकाने लहान होड्यांसाठी ती रूढ केली. पुढे १९६० च्या दशकात ‘मिरर’ नावाची शिडाची लहान होडी याच रीतीने तयार झाली व असंख्य लोकांनी ती घरी बांधली. जुन्या पद्धतीत होडीचा कणा व फासळ्या आधी उभाराव्या लागत व त्यास कसबी कारागीर लागे. शिवण-सांध्याने ते काम सामान्य हत्यारे वापरणाऱ्याच्या आवाक्यात आणले. एका शिक्षकाच्या कामाचा हा प्रसार शिक्षकवर्गाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

काम व्हरांड्यात किंवा मांडवात, मोकळ्या हवेत करावे. गावच्या सुतारास सन्मानाने बोलवावे. जवळपास कोणी जुना नावाडी असल्यास त्यासही बोलवावे. त्याचे प्रश्न आराखड्यास उपयोगी पडतील.

पहिली पायरी. पट्ट्या कापून दोन्ही एकावर एक ठेवाव्यात व कडा रंध्याने सारख्या कराव्यात, म्हणजे उजवी-डावी बाजू तंतोतंत एकसारखी होईल. कडेपासून एक सेंमी आत व दर दहा सेंमीस एक अशी बारीक छिद्रे गिरमिटाने पाडावीत.

दुसरी पायरी. दोन्ही पट्ट्यांची टोके तांब्याच्या तारेने शिवावीत. जाड फळीचा मधला साचा बसवावा. टोकांजवळ दोरीचा वेढा घालून त्यात काठी अडकवावी व सावकाश पीळ देत बाजू साच्याभोवती वाकवाव्यात. घाई केल्यास फळी तडकते.

तिसरी पायरी, व सर्वांत महत्त्वाची. होडी सरळ आहे का ते तपासावे. एका नाळेपासून साच्याच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत सुतळी मापावी, तीच उजव्या कोपऱ्यापर्यंत लावून पाहावी. दोन्ही अंतरे समान हवीत. दुसऱ्या टोकाकडूनही असेच करावे. मग नाळेपासून नाळेपर्यंत सुतळी ताणावी. ती साच्याच्या मध्यखुणेवरून गेली पाहिजे. शेवटी दोन सरळ काठ्या काठावर आडव्या ठेवून एका टोकाकडून पाहावे; दोन्ही काठ्या एका रेषेत दिसल्या तर होडीस पीळ नाही. येथे राहिलेला बोटभर वाकडेपणा राळ घट्ट झाल्यावर निघत नाही, आणि अशी होडी जन्मभर एका बाजूस ओढते.

चौथी पायरी. सांगाडा प्लायवुडाच्या उरलेल्या भागावर ठेवून नमुन्याप्रमाणेच तळाची रेषा घ्यावी. रेषेबाहेर एक सेंमी जास्त ठेवून कापावे, तळ तारांनी शिवावा आणि मग वाढलेला भाग रंध्याने काढावा.

पाचवी पायरी. इपॉक्सी राळेत लाकडाचा बारीक भुसा कालवून घट्ट पिठल्यासारखे मिश्रण करावे व आतील सर्व कोपऱ्यांत ते भरून चमच्याच्या पाठीने गोलाकार ओढावे. त्यावर सात सेंमी रुंदीची काचधाग्याची फीत राळेत भिजवून बसवावी. राळ थोडी-थोडी कालवावी. पुष्कळ एकदम कालवली तर ती भांड्यातच तापते व घट्ट होते. राळेचे व फितीचे काम शिक्षकांनी किंवा सुताराने हातमोजे घालूनच करावे. मुलांचे हात त्यात नसावेत. घट्ट झालेली राळ घासताना नाक-तोंड फडक्याने किंवा मुखपट्टीने झाकावे.

सहावी पायरी. राळ पुरी घट्ट झाल्यावर बाहेरील तारा कापाव्यात, कडा किंचित गोल कराव्यात व बाहेरूनही फीत लावावी. वरच्या काठास दोन सेंमी चौरस जाडीच्या पट्ट्या बसवाव्यात. मध्यापासून ३० सेंमी मागे एक व ७० सेंमी पुढे एक असे दोन आडदांडे जोडून मगच साचा काढावा. मागचा दांडा पाठीस टेकू होतो. टोकांना शिल्लक फळीचे त्रिकोणी कोपरे लावावेत.

सातवी पायरी. घट्ट झाकणाच्या रिकाम्या एक-लिटरी प्लास्टिक बाटल्या प्रत्येक टोकात आठ याप्रमाणे जाळीत भरून पक्क्या बांधाव्यात. सोळा बाटल्या सुमारे सोळा किलोंची उचल देतात. पाण्यात असलेल्या माणसाचे डोके वर राहण्यास साधारण पाच किलोंची उचल पुरते. होडी पाण्याने भरली तरी ती तळाशी जाऊ नये व माणसास धरून राहता यावे, एवढ्यासाठी ही योजना आहे. हलकेपणाच्या नावाखाली हे सहाशे ग्रॅम कधीही वाचवू नयेत.

शेवटी सर्व लाकडास राळेचा पातळ हात व त्यावर रंग द्यावा. वल्हे दुतोंडी करावे. सव्वादोन मीटरचा सरळ, वाळलेला बांबू व दोन्ही टोकांस शिल्लक प्लायवुडाची पाती एवढ्यात ते होते.

भाररेषा व कसोटी

होडीच्या मध्यभागी बाहेरून, तळापासून आठ सेंमी उंचीवर, दोन्ही बाजूंस ठळक रेषा रंगवावी व शेजारी ‘एक माणूस – ५५ किलो’ असे लिहावे. मोठ्या जहाजांवरही अशी रेषा असते. अतिभाराने जहाजे बुडून खलाशी मरत, म्हणून इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिमसॉल यांनी चळवळ केली आणि १८७६ साली जहाजावर भाररेषा काढणे कायद्याने आवश्यक झाले. परंतु ती रेषा नेमकी कोठे काढावयाची हे त्या कायद्याने मालकावरच सोडले होते. तिची जागा ठरविणारा नियम होण्यास पुढे आणखी वर्षे जावी लागली. रेषा असणे आणि ती योग्य जागी असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना यावरून समजेल.

कसोटी माणूस बसविण्यापूर्वी घ्यावी. गुडघाभर संथ पाण्यात होडी सोडून तिच्यात तोललेल्या वाळूच्या पिशव्या एकेक ठेवाव्यात व प्रत्येक वेळी बुडालेली खोली मापून वहीत लिहावी. पाणी रेषेस लागले की थांबावे. पिशव्यांचे वजन ५६ किलोंहून कमी भरले, तर फळीवर लिहिलेला आकडा खोडून कमी आकडा लिहावा. त्यानंतर पिशव्या काढून होडी मुद्दाम पाण्याने भरावी व ती तरंगत राहते याची खात्री करावी.

पाण्यावरील नियम

१. ज्यास पोहता येत नाही त्याने होडीत बसू नये. पोहता येणाऱ्यानेही तरण्याचे जाकीट घातल्यावाचून बसू नये.
२. चांगला पोहणारा प्रौढ मनुष्य दोरी घेऊन जवळ असल्याशिवाय होडी पाण्यात लोटू नये.
३. पावसाळ्यात, वाहत्या नदीत, विहिरीत, खाणीच्या डोहात किंवा वारा सुटला असता होडी वापरू नये.
४. तलाव किंवा जलाशय ज्यांच्या ताब्यात असेल त्यांची व मुलांच्या पालकांची लेखी परवानगी आधी घ्यावी.
५. होडी उलटली तर तिला धरून राहावे. तीर जवळ दिसला तरी तिला सोडून पोहत निघू नये.
६. शाळा सुटल्यावर होडी व वल्हे वेगवेगळ्या खोलीत कुलपात ठेवावीत.

शिक्षकांसाठी सूचना

पाठास साधारण आठ तासिका लागतील. प्रत्यक्ष बांधणी केल्यास ती शनिवारच्या अर्ध्या दिवसांत वाटून घ्यावी. मोजणारे, आखणारे, तोलणारे व लिहिणारे असे गट पाडावेत व ते दर आठवड्यास बदलावेत. हत्यारांच्या कामात मुली मागे राहणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. एका गटाने काढलेले प्रत्येक माप दुसऱ्या गटाने, पहिले उत्तर न पाहता, पुन्हा काढावे. दोन उत्तरे न जुळल्यास शिक्षकांनी निर्णय देऊ नये. दोन्ही गटांनी मिळून तिसऱ्यांदा मोजावे.

होडी तयार झाल्यावर गावातील वजनदार मंडळी कौतुकाने तिच्यात बसू पाहतील. त्या वेळी नकार देण्याचे काम भाररेषेजवळील आकड्याने करावयाचे आहे; आणि तो आकडा कसा आला हे वर्गातील कोणत्याही मुलास पाहुण्यांपुढे सांगता आले, तर पाठ साधला असे समजावे.

स्वाध्याय

१. तळाची मधली रुंदी ६० ऐवजी ५० सेंमी ठेवली तर तळाचे क्षेत्रफळ अदमासे किती होईल? आठ सेंमी बुडी धरून एकूण भार किती चालेल?
२. होडीचे प्रत्यक्ष वजन १२ ऐवजी १५ किलो भरले. वल्ह्याचे वजन तेवढेच असता माणसाच्या वजनाची मर्यादा किती लिहावी?
३. बाजूची पट्टी २५ सेंमी व कल १५ सेंमी ठेवला तर होडीची खोली किती येईल? काठ पाण्याच्या किती वर राहील, ते एक-तृतीयांशाच्या नियमाने काढा.
४. नमुना एकास पाच प्रमाणात केला तर ६८ किलोंच्या जागी किती ग्रॅम वजन घ्यावे?
५. आपल्या घरातील परात, बादली व तवा यांपैकी काय तरते व काय बुडते ते करून पाहा. प्रत्येकाचे कारण दोन वाक्यांत लिहा.